पोरगं चर्चला येऊन नाही राहिलं

"मॅडम, पोरगं हातचं गेलं." समुपदेशक म्हणून गेल्या वर्षभरात हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल! कुणाचा मुलगा विहारात येत नाही, कुणाची मुलगी आरतीच्या वेळी नेमकी अंघोळीला जाते, कुणाचं पोर वडिलांसोबत नमाजाला निघत नाही, कुणाचं चर्चला. काळजी एकच, आणि प्रत्येक घराकडे आरोपीही तयार असतो: मोबाइल, कॉलेजचे मित्र, नाहीतर पुण्याला शिकायला गेलेला चुलतभाऊ.

सगळ्यांना एकत्र उत्तर द्यायचं तर मला शमुवेलची गोष्ट आठवते. घर, गल्ली, नोकऱ्या मी बदलल्या आहेत. नाव मात्र त्याला आणि त्याच्या आईला विचारून तसंच ठेवलंय, कारण त्या नावाशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही.

पहिल्यांदा आई एकटीच आली. मे महिना, नवतपा सुरू. नागपुरातल्या सदरच्या मागच्या वस्तीतून ऑटोनं आलेली ही बाई घरी ब्लाउज, फ्रॉक शिवते. निघायच्या घाईत मोजपट्टी गळ्यातच राहून गेली होती. कूलरच्या आवाजावर आवाज चढवून ती बोलत होती आणि बोलता बोलता पट्टी बोटाला गुंडाळत होती.

"रोज आठ वाजता आमच्या घरी प्रार्थना असते. एकेक जण वचन वाचते, मग पाळीपाळीनं प्रार्थना. याची पाळी आली का हा गप्प. चार महिने झाले. रविवारी म्हणते पोट दुखून राहिलं. मॅडम, सात वर्षं मूल नव्हतं मला. हन्नासारखा मागून घेतला याला. म्हणून तर शमुवेल नाव ठेवलं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बायबलच्या जुन्या करारात हन्ना नावाची निपुत्रिक बाई रडून रडून मुलगा मागते आणि झाला तर तो देवालाच देईन असा नवस करते. मुलगा होतो, शमुवेल. दूध सुटल्यावर ती त्याला देवळात एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाजवळ ठेवून येते.

नवसाच्या पोराला आपण होऊन जन्माला आल्यासारखं कधी वाटतच नाही, हे मी बावीस वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. मग ते पोर शेगावला बोललेलं असो की प्रभू येशूजवळ मागितलेलं.

शमुवेल आला तो वीस वर्षांचा, उंच, हसरा, कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी. तीन भेटी त्यानं मला मेट्रो, आयपीएल आणि तर्री पोह्यावर फिरवलं. शेवटी मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं.

"हे बघ, माझा देवावर विश्वास नाही असं इथं म्हटलंस तरी चालतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, विश्वास नाही असं मी म्हटलं कधी?"

म्हटलं नव्हतं. आईनं केलेलं निदान मी बिनातपासणी उचललं होतं, आणि वर उदारपणाचं समाधानही मिळवलं होतं. घरात जे वाक्य सगळे म्हणतात ते समुपदेशकाच्या तोंडी फार लवकर बसतं. हा धडा मी दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं शिकते.

आईवडिलांनीही तो शिकावा. मूल प्रार्थनेतून, वंदनेतून, पूजेतून अंग काढतं तेव्हा ते देवापासूनच लांब जातंय, असं दरवेळी नसतं. कधी मंडळीतल्या कुणीतरी केलेल्या अपमानापासून ते पळत असतं, कधी वडिलांच्या दुटप्पीपणापासून. कधी नुसती झोप पुरत नसते. म्हणून "का येत नाहीस?" हा प्रश्न टाळा. त्याला 'का' नको असतं, त्याला सुटका हवी असते, मग पोट दुखायला लागतं. "तिथं बसल्यावर तुला काय होतं?" असं विचारून बघा, आणि विचारल्यावर मधे बोलू नका.

मी तेच विचारलं. म्हणाला, "लाज वाटते."

पुढचं सगळं बाहेर यायला दोन भेटी लागल्या. थोडक्यात असं. सतरा वर्षांचा असताना चर्चच्या तरुण संघाचं शिबिर चिखलदऱ्याला होतं. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती प्रत्येकानं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणी दारू सोडली होती, कुणाची आई आजारातून उठली होती. याच्याजवळ काहीच नव्हतं. पाळी जवळ येत गेली तसे हात गार पडले. मग त्यानं सांगितलं की बारावीत असताना क्लासला जाताना एलआयसी चौकात कानात आवाज आला, 'थांब.' तो थांबला, आणि त्याच क्षणी सिग्नल तोडून एक ट्रक समोरून गेला.

"ट्रक खरा होता?"

"ट्रक खरा. मी थांबलो तेही खरं. पण आवाज-बिवाज काही नाही, मॅडम. सायकलची चेन उतरली होती. मी शिवी घातली आणि खाली वाकलो."

शेकोटीवर टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी आईनं ती साक्ष महिला मंडळात सांगितली. मग दुसऱ्या मंडळीतून बोलावणं आलं. तीन वर्षं रोज रात्री आठ वाजता आई त्या आवाजासाठी देवाचे आभार मानत होती, आणि नंतरची पाळी याची असायची.

'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे, आणि साक्ष हा शब्द दोन्हीकडे तोच. पोराच्या पोटात कालवत होतं ते हे. ज्याला विश्वास नसतो त्याला खोट्या साक्षीची एवढी लाज वाटत नाही. हे मी त्याला त्या दिवशी म्हटलं आणि खरं सांगते, मला स्वतःलाच ते वाक्य आवडलं. पण त्यानं काही सुटलं नाही. तो म्हणाला, "त्या शमुवेलला खरंच आवाज आला होता. मी नावाचाच."

मी ख्रिस्ती नाही. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच दीक्षा घेतली. लहानपणी पाहुणे आले की वडील मला बावीस प्रतिज्ञा म्हणायला उभं करायचे. मी एका दमात म्हणायची, लोक वा वा करायचे. त्यातली एकेक खऱ्या अर्थानं पोटात उतरायला मला चाळिशी गाठावी लागली. एवढ्या शिदोरीवर मी त्याला म्हटलं, "तुझ्या नावाची गोष्ट मला वाचून दाखव." त्यानं मोबाइलवर काढली आणि रविवारच्या शाळेतल्यासारखी भरभर वाचायला लागला. देवळात दिवा तेवतोय, मुलगा तिथंच झोपलाय, देवाची हाक येते, तो एलीकडे धावतो, एली म्हणतो मी हाक मारली नाही, जा झोप. पुन्हा हाक, पुन्हा तेच. आणि मग एका ओळीवर त्याचा आवाज अडकला. तिथं सरळ लिहिलंय की शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती.

त्यानं ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली, मग मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"हा देवळातच राहायचा ना, मॅडम?"

"तूच वाचलंस."

"मग तरी?"

"मग तरी."

बराच वेळ नुसता कूलर वाजत होता. ज्याचं नाव घेऊन तो स्वतःला वीस वर्षं मोजत आला, त्यालाही एकेकाळी काही ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी त्याला रागावलं नव्हतं. त्याचे खांदे खाली आले ते मला दिसलं. या धंद्यात असे क्षण वर्षाला तीन-चारच मिळतात.

माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एली घर करून राहिलाय. पोर धावत त्याच्याकडे येतं, 'तुम्ही बोलावलंत ना?' आणि म्हातारा म्हणतो, नाही, मी नाही. किती आईबापांना असं म्हणता येईल? आपण तर पटकन म्हणू, हो हो, मीच बोलावलं, ये, बस, मी सांगतो देव काय म्हणतो ते. मुलांना वर्षानुवर्षं आपलाच आवाज देवाचा म्हणून ऐकू येतो आणि मग एक दिवस ती दोन्ही आवाज एकदमच बंद करून टाकतात. मरे बोवेन (१९१३–१९९०) या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाला मी गुरू मानते. त्यांनी आयुष्यभर घरं अभ्यासली. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत असं: जवळ राहूनही वेगळं असता येणं म्हणजे मोठं होणं, तोडून लांब पळणं म्हणजे नव्हे.

मग आई आणि मुलाला एकत्र बोलावलं. आजी आपण होऊनच आली, सोबत संत्रा बर्फी घेऊन. शमुवेलनं खाली बघत सगळं सांगितलं. आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग तिनं असा प्रश्न विचारला की मीही चकित झाले.

"मग थांबला काहून होतास तू?"

"चेन उतरली होती, आई."

"आणि तेवढ्यात ट्रक गेला."

"हो."

"मंग चेन कोणी उतरवली?"

मी मधे पडणार होते. बरं झालं पडले नाही. शमुवेलनं मान वर केली. "आई, ते तू म्हण. तुला दिसत असेल तर म्हण. मी नाही म्हणणार. मला अजून दिसलं नाही." आवाज चढला नव्हता, उठून गेलाही नव्हता.

'अजून' हा शब्द आईनं ऐकला की नाही ते मला माहीत नाही. मी ऐकला.

आजी म्हणाली, "२९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा चर्चेस मिळून एक झाल्या. तिचं नाव उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. मी नवी नवरी होते. कोणाकडे तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा, कोणाकडे मोठं झाल्यावर स्वतः मागितला तरच. त्यावरून लई वाद. शेवटी दोन्ही चालतील म्हणून ठरवलं. मोठमोठ्या बिशपांना जमलं ते आपल्या घरात नाही जमणार का वं?"

आईनं उत्तर दिलं नाही. पर्समधून मोजपट्टी काढली, ती त्या बाईला सोडतच नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, "लोकांच्या पोरींचे फ्रॉक शिवते तेव्हा शिवणीत दोन बोटं माया सोडते, मॅडम. पोरगी वाढते ना. पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येते." आणि रडली. हन्नाही दरवर्षी शमुवेलसाठी लहानसा झगा शिवून नेत असे, हे तिनंच मला नंतर सांगितलं. दरवर्षी नवा, म्हणजे दरवर्षी वेगळ्या मापाचा.

आता ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्याशी थोडं रोखठोक. पाळकसाहेब, भंतेजी, काका, मामा, कुणालाही मुलाच्या मागे लावू नका. प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन देवाला टोमणे मारू नका, ते त्यालाच लागतात. मुलांना स्टेजवर उभं करून अनुभव सांगायला लावणं थांबवा. सतरा वर्षांच्या पोराजवळ सांगण्यासारखं काही नसणं हे अगदी नॉर्मल आहे. घरची प्रार्थना चालू ठेवा, त्याची पाळी 'आज मी ऐकतो' एवढ्यावर सुटू द्या. तरुणांनो, तुम्हीही जेवणाच्या ताटावर 'मी काही मानत नाही' असा निकाल जाहीर करू नका. आधी एकाच माणसाला सांगा, जो लगेच दुसऱ्याला सांगणार नाही.

एक मात्र वेगळं ओळखायचं. मूल फक्त चर्चला नाही तर कशालाच येत नसेल, दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न नाही. डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, रात्रंदिवस आणि फुकट आहे. प्रार्थना करत करत फोन लावला तरी चालतो.

शमुवेल नाताळात आला, फराळाचा डबा घेऊन. करंज्या आईच्या, केक आजीनं ओळखीच्या बेकरीतून भाजून आणलेला. चर्चला जातोस का, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. साक्षीचं काय झालं ते मात्र विचारलंच.

"आई सांगते ना अजून," तो हसत म्हणाला. "पण आता चेनपासून सुरू करते. आवाज काढून टाकला तिनं."

"आणि शिवी?"

"ती पण काढली."