ध्यानाला बसलं की विचार जास्तच येतात? धाब्यावरचे कावळे आठवा

"डोळे मिटले की शांत वाटायच्या ऐवजी डोक्यात गर्दीच होते, म्हणजे ध्यान मला जमणारच नाही का?" जळगावला माझ्याकडे येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. त्यावर एका मावशींची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल ते तपशील बदलून.

मावशी यावल तालुक्यातल्या, पन्नाशी उलटलेली, घरची केळी. त्या वर्षी बागेत सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला, किती तरी रोपं उपटून फेकावी लागली आणि मावशींची झोप उडाली. डॉक्टरांनी तपासून माझ्याकडे पाठवलं. कुणी तरी सांगितलं म्हणून त्या रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसायच्या, पण कशा बसता ते दाखवा म्हटलं तर मान ताठ, दात आवळलेले, मांडीवर मुठी घट्ट. म्हणाल्या, "ताई, मले नाही जमत हे, इचार हाकलू हाकलू थकली मी."

तो 'हाकलू' शब्द मी धरला. विचारलं, मावशी, लहानपणी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) राखायला बसवायचे का तुम्हाला? चेहराच बदलला त्यांचा. वैशाखाचं ऊन, जुन्या लुगड्यावर ओळीने टाकलेले बिबडे, हातात काठी आणि कावळे. आधी दगड मारायच्या, हात भरून यायचा, कावळे काही कमी व्हायचे नाहीत, मग त्यांनी कावळ्यांना नावंच पाडली, एक लंगड्या, एक चोरटा, एक सरपंच. "आला का सरपंच" म्हटलं की हसू यायचं आणि दुपार कशी जायची कळायचंच नाही.

मग आम्ही तेच केलं. अर्ध्या तासाचं पाच मिनिटांवर आणलं. श्वासाबरोबर पोट वर येतं, खाली जातं, ते आपले बिबडे, नजर तिथे. विचार आला की मनात एकच शब्द, हळू, एकदाच: 'केळी', 'कर्ज', 'पोरगा', 'उद्या'. की परत पोटाकडे. अचूक नाव शोधत बसायचं नाही, सुचलंच नाही तर नुसतं 'विचार' म्हणा. पण नाव घेतानाचा सूर मात्र बघा, माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. 'परत केळी!' असं दात खाऊन म्हटलं तर तो दगडच झाला की, मग त्यालाच 'चिडचिड' नाव द्यायचं आणि पुढे जायचं.

ही पद्धत माझी नाही बरं का. ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडॉ (१९०४–१९८२) पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवून मनात येईल त्याची अशीच नोंद करायला शिकवायचे. आणि २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमला दिसलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे सरपंच बराबर व्हता."

एक मात्र कळकळीने सांगते, डोळे मिटल्यावर जुना आघात अंगावर येत असेल, छाती धडधडत असेल तर रेटून बसू नका, डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा आणि समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा.

महिनाभराने मावशी आल्या तेव्हा मुठी उघड्या होत्या. झोप अजून पुरती आली नव्हती, पण रात्री दोनला जाग आली की 'कर्ज' म्हणून कूस बदलता यायला लागली होती. "येतो तो रोज," म्हणाल्या, "पण आता मी काठी नाही उचलत."