कलम: आधी काप, मग जोड

मुलुंडहून विचारणा आली आहे: मनीप्लांटचं पान देठासकट बाटलीत ठेवलं, त्याला मुळं फुटली. याला कलम म्हणायचं का? शेजारच्या काकू म्हणतात, कलम फक्त आंब्याचं होतं.

काकू चुकतात, आणि ही चूक फार ऐकू येते. कलम म्हणजे दोन झाडांचा सांधा, एवढंच लोक धरून बसतात. मग छाट कलमात, म्हणजे छाटलेली काडी नुसती रुजवण्यात, दुसरं झाड कुठे असतं? गुटी कलमात (झाडावरच्या फांदीची साल काढून तिथे ओला गोळा बांधून मुळं फोडणं), दाब कलमात (फांदी वाकवून मातीत दाबणं) कुठे असतं?

लेखणी, कायद्यातलं कलम हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडतो. खरी मौज मुळात आहे. ग्रीक 'कालामोस' म्हणजे बोरू. त्याचं अरबीत 'क़लम' झालं आणि फारसीतून ते आपल्याकडे आलं. बोरूची लेखणी व्हायची तर टोक तिरपं कापावंच लागतं. अरबीत याच धातूचं क्रियापद नखं कापणं, फांद्या छाटणं या अर्थी चालतं. फारसीत 'क़लमे' म्हणजे लावण्यासाठी छाटलेली फांदी. आपल्या 'शिर कलम करणे'मध्येही कापच आहे, जोडणं नाही! माझं ठाम मत असं की माळ्याने तिरपी तासलेली काडी हुबेहूब बोरूसारखी दिसते, म्हणून हे नाव पडलं. आंब्याची काडीही खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या रोपावर, बसवण्याआधी तासावीच लागते; जोडीचा अर्थ तिथून मागाहून चिकटला.

काही संस्कृताभिमानी 'कलम' नावाच्या भाताकडे बोट दाखवतात. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उपटून पुन्हा लावलेल्या कलमांची उपमा आहे, हे खरं. पण तो भात मुळासकट उपटलेला. त्यात कापलं काय? लावणी आणि छाटणी यांतला भेद न पाहता व्युत्पत्ती सांगू नये. संस्कृत शब्दच हवा तर 'छिन्नरुहा' घ्या: कापली तरी वाढणारी. अमरकोशात हे गुळवेलीचं नाव आहे. मुंबईत कुंपणावर चढलेली गुळवेल कुणी बुडाशी तोडली तर वरच्या खोडातून दोऱ्यासारखी मुळं लोंबत जमिनीकडे येतात. एकदा थांबून बघा, नाव किती नेमकं आहे ते कळेल. तिचा पेन्सिलीएवढा जाड, दोन-तीन पेरांचा (खोडावरच्या गाठींचा) तुकडा, एक पेर मातीत जाईल असा खोचला की पावसाळ्यात सहज फुटतो.

आता ते पान. मुळं फुटली तरी त्याचा वेल होणार नाही. नवा कोंब देणारा डोळा पेरावर असतो, म्हणजे देठ खोडाला चिकटतो त्या गाठीवर. नुसत्या पानाबरोबर तो येत नाही. म्हणून २-३ पेरांचं खोड घ्या, खालच्या पेराखाली अर्धा इंच धारदार पात्याने तिरपा काप द्या. बोथट कात्रीने खोड चेंगरतं आणि कुजतं. सपाट काप बाटलीच्या तळाला चिकटून बसतो, तिरपा बसत नाही. पाण्यातली पानं काढून टाका, पेर मात्र बुडालेलं हवं. पाणी ३-४ दिवसांनी बदला. मुळं दोनेक इंच झाली की मातीत लावा. महिनोन्‌महिने पाण्यात वाढलेली मुळं मातीत रुळायला कुरकुरतात.

नुसत्या पानापासून झाड हवंच असेल तर पानफुटी आणा. तिच्या पानाच्या कडेला खाचा असतात, त्या प्रत्येक खाचेत कोंब दडलेला असतो. पान ओल्या मातीवर आडवं ठेवलं की पुरे. तिथे काप देठाचा, बाकी काम पानाचं.