गॅस स्टेशन घेतलं म्हणजे व्हिसा मिळतो का?

"ताई, आमचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. ह्यांच्या मावसभावाने कळवलंय की अमेरिकेत जॉर्जियामध्ये एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप आणि त्यातलं दुकान, विकायचंय, साडेतीन लाख डॉलरला. एजंट म्हणतो, धंदा घेतला की अख्ख्या कुटुंबाला व्हिसा. ह्यांनी वर्कशॉप विकायला काढलंय, माझे दागिनेही मोडायचं चाललंय. थोडे पैसे माझ्या नावाने पाठवायचे म्हणून बँकेचा फॉर्म माझ्यापुढे ठेवलाय. मुलगी सोळाची, मुलगा अकराचा. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. सही केली नाही तर 'तूच आडवी आलीस' हे जन्मभर ऐकावं लागेल. काय करू?"
– स., नाशिक

प्रिय स.,

त्या फॉर्मवर आत्ता सही करू नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. हे उत्तर मिस्टरांना वाचायला दिलंत तरी चालेल, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

अमेरिकेत परदेशी माणसाला धंदा विकत घेता येतो. मात्र मालक झालं म्हणून तिथे राहायची किंवा आपल्याच दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहायची परवानगी मिळत नाही. एजंट बहुधा ई-२ व्हिसाबद्दल बोलतोय. धंद्यात पैसे घालून बायकामुलांसह त्या व्हिसावर जाता येतं, पण अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच. जपानचा करार आहे, पाकिस्तानचासुद्धा आहे. भारताचा नाही. गॅस स्टेशन सोन्याचं असलं तरी तुमच्या चौघांच्या पासपोर्टवर तो व्हिसा लागणार नाही.

हे विचारलंत की एजंट ग्रेनाडाचं नाव काढेल. त्या बेटाचा अमेरिकेशी करार आहे आणि तिथलं नागरिकत्व पैसे भरून मिळतं. पण डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेने अट घातली आहे: नागरिकत्व गुंतवणुकीतून मिळवलं असेल, तर ई-२ मागण्याआधी त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य हवं. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा. गॅस स्टेशनसाठी एवढं कोण करतं?

तुमच्या घराला त्यातल्या त्यात जवळची वाट एल-१ए व्हिसाची. इथली कंपनी तिथे शाखा काढते किंवा धंदा घेते आणि आपल्या व्यवस्थापकाला पाठवते. त्याने मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष इथल्या कंपनीत तशा पदावर काम केलेलं असावं लागतं. नवी शाखा असेल तर पहिली मंजुरी एकाच वर्षाची. आणि यासाठी इथला धंदा चालू राहावा लागतो. म्हणजे ज्या वर्कशॉपच्या जोरावर काही जमण्याची शक्यता आहे, तेच तुमचे मिस्टर आधी विकायला निघालेत! वर्षाने मुदतवाढ मागताना अधिकारी विचारतात की तुमच्या हाताखाली कोण, तुम्ही दिवसभर काय करता. स्वतः गल्ल्यावर बसून दूध-सिगारेट विकणारा त्यांच्या लेखी व्यवस्थापक ठरत नाही. आणि लहान गॅस स्टेशन तर मालक स्वतः उभा राहिला तरच परवडतं.

ईबी-५ या गुंतवणूकदारांच्या व्हिसात थेट ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट आहे, पण तिथे कमीत कमी ८ लाख डॉलर आणि १० माणसांना पूर्णवेळ नोकऱ्या. तो विषय सोडा.

मुलीचं मात्र आजच मोजा. आईवडिलांच्या व्हिसावर मुलं २१ वर्षांची होईपर्यंतच राहू शकतात. सगळं सुरळीत होऊन वर्षा-दीड वर्षात गेलात, तर तिच्या हातात जेमतेम तीन-चार वर्षं उरतात. तोवर ग्रीन कार्ड झालं नाही तर तिला विद्यार्थी व्हिसा आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी. याबद्दल तिला कुणी काही विचारलंय का?

आता तुमची सही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. किंमत साडेतीन लाख, म्हणून तुमचं नाव हवंय. यात गैर काही नाही. पण मग त्या पैशांच्या मालक तुम्ही, आणि जबाबदारीही तुमची. १० लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. एक कोटी पाठवलेत तर १८ लाख आधीच बाजूला काढावे लागतील. ते विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. परदेशातला हिस्सा दरवर्षी तुमच्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. लपवला तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. म्हणून तुमच्या सहीला तुमच्याही अटी असणारच: हिस्सा तुमच्या नावावर, आणि सगळे कागद आधी तुमच्या सीएने पाहिलेले.

दागिने मोडू नका. ते स्त्रीधन आहे, कायद्यानेही तुमचं एकटीचं. "मोडायचं चाललंय" असं तुम्ही लिहिता, कोणाचं चाललंय?

गॅस स्टेशनबद्दल एवढंच, की साडेतीन लाखांत बहुधा जमीन येत नाही, फक्त चालता धंदा आणि भाडेकरार. कराराची किती वर्षं उरलीत ते बघा. पेट्रोलवर फारसं सुटत नाही, कमाई आतल्या दुकानाची असते. तीन वर्षांची टॅक्स रिटर्न मागा. "खरी विक्री कागदापेक्षा जास्त आहे" असं विकणारा म्हणाला तर उठून या. जमिनीखालच्या टाक्यांची तपासणी करून घ्या. गळती निघाली तर साफसफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. पैसे थेट मावसभावाच्या ओळखीच्या माणसाला देऊ नका. ते एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे, राहू देत, आणि व्हिसा नाकारला गेला तर अनामत परत, ही अट करारात लेखी हवी.

आडवं येण्याचं म्हणाल, तर मिस्टरांना "नको" म्हणू नका. "कोणता व्हिसा, त्याचं नाव एजंटकडून लिहून आणा," म्हणा. मग ते नाव घेऊन अमेरिकेतल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडे दोघांनी मिळून बोला, व्हिडिओ कॉलवर होतं. वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची फी वर्कशॉपच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आणि मिस्टरांना इथून का निघायचंय, हेही एकदा शांतपणे विचारा. तुमच्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. ऑर्डरी कमी झाल्यात का, कर्ज आहे का, की मावसभावाच्या घराचे फोटो फार येतात? कर्ज असेल तर त्याचं उत्तर जॉर्जियात सापडायचं नाही.

तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. राजीनामा देऊ नका. जायचं ठरलंच, तर आधी मुख्याध्यापकांकडे बिनपगारी रजेची चौकशी करा, आणि मंजुरी लेखी हातात येईपर्यंत कुणाच्या तोंडी शब्दावर तिकीट काढू नका.

– ताई