कोश्चुश्कोची सहल आणि 'झेरॉक्स चालेल' म्हणणारे

ताई, मुलीचा सातवीचा प्रकल्प तादेउश कोश्चुश्कोवर (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पोलिश लष्करी अभियंता) आहे, भारतातून सासू-सासरे आलेत, आणि तुमच्याकडच्या, न्यू जर्सीतल्या सहलवाल्याने फिलाडेल्फिया, वेस्ट पॉइंट आणि साराटोगा हे सगळं एका शनिवारात बसवून दिलंय. पासपोर्टचं विचारलंत तर "झेरॉक्स चालेल हो, सगळे तसेच येतात" असं उत्तर मिळालं. तुमचं हे लिहिलेलं वाचल्यावर गप्प बसवेना, कारण हेच वाक्य, जवळजवळ याच सुरात, मलाही ऐकवलं गेलं होतं. तेव्हा माझे आई-बाबा कोल्हापूरहून आले होते.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ती शनिवारची सहल घेऊ नका. कारणं खाली आहेत, वाचायला वेळ असेल तर वाचा.

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. वेळा, नियम, दर सतत बदलतात, त्यामुळे जायच्या आठवड्यात त्या त्या ठिकाणचं अधिकृत संकेतस्थळ बघूनच निघा. कोश्चुश्को कोण, पोलंडमधून अमेरिकेत का आला, हे काही सांगत बसत नाही. ते लेकीचं पाठ झालेलं असणार.

पहिली गोष्ट कागदांची. वेस्ट पॉइंट हे काही नुसतं स्मारक नाही, चालू लष्करी तळ आहे, अमेरिकी सैन्याची अकादमी तिथेच. आत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघतात आणि परदेशी नागरिकांना मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही, आधार कार्ड तर नाहीच नाही (विचारणारे असतात, म्हणून लिहिलं). आमच्या सहलवाल्यांनी, नाव घेत नाही, उगाच वाद नको, फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं की पासपोर्ट घरीच ठेवा, म्हाताऱ्या माणसांकडून बसमध्ये हरवतात, कॉपी पुरे. वेस्ट पॉइंटच्या दाराशी असलेल्या हायलँड फॉल्स गावात, पाहुण्यांच्या नोंदणीसाठी बस थांबली. काउंटरवरच्या बाईने आई-बाबांच्या झेरॉक्स बघितल्या, अगदी सभ्यपणे परत केल्या आणि सांगितलं की यावर आत सोडता येणार नाही. तिचं काही चुकलं नाही, नियम तोच आहे. आमचा गाइड मात्र म्हणाला, "काका, तुम्ही इथेच बसा, आम्ही पटकन जाऊन येतो." आणि गेला! बाबा निवृत्त शिक्षक. शाळेत इतिहास शिकवायचे. हडसन नदीवरच्या साखळीचं (ती गोष्ट पुढे सांगते) वाचून आले होते, वहीत टिपणं काढून. त्यांना तिथे बाकावर बसवून बस आत गेली. मी अर्थातच त्यांच्याबरोबर थांबले.

खरा मनस्ताप पुढे झाला. पैसे परत मागितले तर पहिल्या फोनला "बघतो", दुसऱ्याला "मॅडम सुट्टीवर आहेत", मग एकदम "कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी, अटी वाचा." अटींचा ईमेल पैसे भरल्यावर आला होता, तोही कुणी न वाचावा अशा बारीक अक्षरांत. मी पासपोर्टचं लेखी विचारलं होतं, त्यांनी उत्तर मुद्दाम फोनवर दिलं. आता कळतं की ही त्यांची पद्धतच आहे. गैरसोयीचं काही असलं की हे लोक लिहीत नाहीत, फोन करतात. तुम्हालाही फोनवरच सांगितलंय, बरोबर? आजच एक ओळ ईमेल टाका: "आपण आज फोनवर सांगितल्याप्रमाणे पासपोर्टची झेरॉक्स वेस्ट पॉइंटला चालेल, कृपया दुजोरा द्यावा." उत्तर येतं का बघा. माझा अंदाज, येणार नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची. फिलाडेल्फियाहून वेस्ट पॉइंट अडीच-तीन तास, तिथून साराटोगाचं रणांगण आणखी दोन तासांच्या वर, मग परत न्यू जर्सी. त्यात फिलाडेल्फियाचं कोश्चुश्कोचं घर बहुधा फक्त एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी, दुपारी १२ ते ४ उघडं असतं. सकाळी ८ ला बस तिथे पोचणार म्हणे. म्हणजे काय, बंद दारासमोर फोटो! आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतही "कोश्चुश्को हाउस (बाहेरून)" असं कंसात होतं. तो कंस तुमच्या पत्रिकेत आहे का बघा.

आणि हे घर बाहेरून बघण्यात काही अर्थ नाही. थर्ड आणि पाइन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं साधं विटांचं घर, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचं सगळ्यात लहान ठिकाण, जेमतेम ०.०२ एकर. प्रवेश फुकट. हे घर काही त्याचं नव्हतं, भाड्याची खोली होती. १७९४ मध्ये पोलंडमध्ये त्याने रशियाविरुद्ध उठाव केला, माचेयोवित्सेच्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला, दोन वर्षं रशियाच्या कैदेत काढली आणि सुटून १७९७ मध्ये अमेरिकेत परत आला. त्या हिवाळ्यात, धड चालता येत नसताना, तो या खोलीत राहिला. उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन इथे यायचा. मायामी जमातीचा प्रमुख लिटल टर्टलही इथेच भेटून गेला. वरच्या मजल्यावरची ती खोली बघताना पहिल्यांदा मनात येतं की अरे, एवढीशीच? जिना आहे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर आधी फोन करून विचारा.

प्रकल्पाचा गाभा या खोलीत आहे असं माझं ठाम मत आहे, लढायांत नाही. मे १७९८ मध्ये गुपचूप युरोपला निघण्यापूर्वी त्याने मृत्युपत्र केलं. अमेरिकी सैन्याकडून थकलेला पगार मिळाला होता, त्यातून गुलामांना विकत घेऊन मुक्त करावं, त्यांना शिक्षण द्यावं, आणि हे काम जेफरसनने बघावं. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक! कोश्चुश्को १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला, आणि जेफरसनने म्हातारपणाचं कारण देऊन ती जबाबदारी नाकारली. मग मागाहून केलेली मृत्युपत्रं निघाली, नातेवाईक उभे राहिले, खटला रेंगाळत १८५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला आणि पैसे नातेवाइकांना गेले. त्या पैशातून एकही गुलाम सुटला नाही. बाबांना हे तिथल्या रेंजरने, म्हणजे उद्यान खात्याच्या माणसाने सांगितलं (दुसऱ्या एका शनिवारी आम्ही आमच्या गाडीने गेलो होतो), तेव्हा त्यांनी लगेच महात्मा फुल्यांचा विषय काढला, की आमच्याकडे फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केलंय. मग गाडी वळिवड्यावर आली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे रेंजरला माहीत नव्हतं. दोघं बराच वेळ बोलत उभे होते, मी दुभाषी. तुमचे सासरे बोलके असतील तर तिथे अर्धा तास जास्तीचा धराच.

लेकीला अजून एक सांगा. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनांत लाफायेत चौकातल्या कोश्चुश्कोच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरही रंगाने लिहिलं गेलं होतं. हा पुतळा १९१० मध्ये बसवलेला, चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात, हातात साराटोगाच्या तटबंदीचा नकाशा आहे. चौथऱ्यावर लिहिणाऱ्यांना मृत्युपत्राची गोष्ट माहीत असती तर कदाचित वेगळं काही लिहिलं असतं. प्रकल्पाला यापेक्षा चांगला शेवट मिळणार नाही, पण शिक्षिका कशा आहेत ते बघून ठरवा. आमच्या मुलाच्या बाईंना फक्त तारखा हव्या होत्या.

आता वेस्ट पॉइंट. मूळ पासपोर्ट घेऊन गेलात तर जरूर जा. कोश्चुश्को १७७८ ते १७८० तिथे तटबंदीचा मुख्य अभियंता होता. नदी तिथे एकदम वळते, शिडाची जहाजं वळताना मंदावतात, आणि नेमकं तिथेच १७७८ च्या एप्रिलअखेर ब्रिटिश जहाजं अडवायला नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली. एकेक कडी पन्नास किलोच्या आसपास, खाली लाकडी ओंडक्यांचे तराफे, हिवाळ्यात बर्फामुळे काढून ठेवायची, वसंतात पुन्हा टाकायची. (साखळीचं काम दुसऱ्या अभियंत्याचं होतं, तटबंदीची आखणी याची. प्रकल्पात दोन्ही त्याच्या नावावर टाकू नका, मुलांच्या लेखांत सर्रास असतं.) साखळीच्या काही कड्या आत ट्रॉफी पॉइंटला ठेवल्यात. नदीकाठच्या उंच कड्याच्या पोटाशी कोश्चुश्कोने स्वतः लावलेली छोटी बाग आहे, तिलाही त्याचंच नाव. त्याच्या स्मारकाचा स्तंभ १८२८ चा, वरचा पुतळा १९१३ चा. पण बस-सहलीत प्रत्येक ठिकाणी उतरवतीलच असं नाही, तिकीट काढतानाच विचारा.

आणि आतला प्रवेश नाहीच जमला, तर समोरच्या काठावर जा. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन लाइनची गाडी पकडायची, गॅरिसनला उतरायचं. स्टेशनला लागूनच नदीकाठ आहे आणि समोर, पाण्यापलीकडे, अख्खं वेस्ट पॉइंट. तिकीट सोडून खर्च नाही, कुणी पासपोर्ट विचारत नाही. बाबांना शेवटी मी तिथेच नेलं. वही उघडून त्यांनी साखळीची रेघ कुठून कुठे गेली असेल ते बोटाने दाखवलं, आणि त्या सहलवाल्यांना शिव्या घालायचं काम आईने केलं.

साराटोगा वेगळ्या शनिवार-रविवारासाठी ठेवा. जागा सुंदर आहे, पण न्यू जर्सीहून लांब. आतला गाडीरस्ता हिवाळ्यात बंद असतो. १७७७ मध्ये बेमिस हाइट्सची टेकडी कोश्चुश्कोने निवडली, कारण ऑल्बनीचा रस्ता तिथे नदी आणि चढ यांच्यामध्ये चेपला जातो. ब्रिटिशांना त्या चिंचोळ्यातूनच जावं लागणार होतं. १७ ऑक्टोबरला ब्रिटिश सेनापती बरगॉइन शरण आला आणि पुढच्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला. तिथे एका बुटाचं स्मारकही आहे, नाव नसलेलं: इथे लढलेला अमेरिकी सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्ड, त्याच्या जखमी पायाचं. हाच अर्नोल्ड १७८० मध्ये वेस्ट पॉइंट, म्हणजे कोश्चुश्कोने बांधलेलीच तटबंदी, २०,००० पौंडांना ब्रिटिशांना विकायला निघाला होता. मुलांना ही जोडी फार आवडते.

सासू-सासऱ्यांना घेऊन अर्ध्या दिवसात, घराजवळ काही हवं असेल तर रेड बँक बॅटलफील्ड पार्क. पण सावध, मॉनमथ काउंटीतलं रेड बँक शहर नव्हे! हे ग्लॉस्टर काउंटीत, डेलावेअर नदीकाठी, फिलाडेल्फियाच्या विमानतळाच्या समोर पडतं. इथल्या फोर्ट मर्सर किल्ल्याच्या आखणीत कोश्चुश्कोचा हात होता, आणि २२ ऑक्टोबर १७७७ ला हेसियन सैनिकांनी (ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे भाडोत्री जर्मन) इथे सडकून मार खाल्ला. सपाट चालणं, बसायला बाकं, नदीचा वारा. डबा न्या. सकाळी हे आणि दुपारी १२ नंतर फिलाडेल्फियाचं घर, एवढा दिवस ज्येष्ठांना झेपतो.

पुलास्कीशी, म्हणजे त्याच युद्धातल्या दुसऱ्या पोलिश वीराशी, गल्लत नको. न्यू जर्सीतल्या पुलास्की स्कायवे या उड्डाणरस्त्यावर आपण सगळे अडकतो, तो घोडदळाचा पुलास्की, १७७९ मध्ये सव्हानाच्या वेढ्यात गेला. ब्रुकलिन-क्वीन्समधला पूल तो कोश्चुश्कोचा. तो बघायला मुद्दाम जाऊ नका. जे एफ के विमानतळाहून येताना दिसतोच, आणि तेव्हा कुणाला उत्साह नसतो.

आता तुमच्या बुकिंगचं. रद्द करणार असाल तर फोनवर करू नका, ईमेलवरच करा, तारीख आणि वेळ येईल असं. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर आठवडाभर वाट बघून सरळ बँकेकडे तक्रार टाका आणि त्यांच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. आमच्या वेळी मी ईमेल केल्यावर दोन दिवसांत त्यांनी संकेतस्थळावरचं पान बदललं होतं. रोख किंवा झेलने (Zelle, बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) दिले असतील तर अवघड आहे, पण तरी लिहून मागा. आणि पासपोर्ट सासऱ्यांच्याच बॅगेत आहेत ना, की कुणी जपून ठेवलेत म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये गेलेत, ते आजच विचारून घ्या.