हळद पावडरचा उद्योग: आराखडा स्वतः लिही

प्रश्न: मी मिरज तालुक्यातली. अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी हळद पिकते, तिची पावडर करून विकायची कंपनी काढायची आहे. एका सल्लागाराने 12 हजारांत बँकेला चालेल असा प्रोजेक्ट रिपोर्ट देऊ केलाय. त्यात यंत्रं 8 लाख, खेळतं भांडवल 2 लाख, विक्री महिन्याला एक टन असे आकडे आहेत. वडील जमीन तारण ठेवायला तयार आहेत. काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रातला खेळत्या भांडवलाचा आकडा वाचून मला काळजी वाटली. हळदीच्या धंद्यात पैसा यंत्रापेक्षा मालात जास्त अडकतो. सांगलीच्या बाजारात नवी हळद साधारण फेब्रुवारी ते मे या काळात येते, पावडर मात्र वर्षभर विकायची असते. महिन्याला एक टन म्हणजे वर्षाला 12 टन. हळकुंडाचा भाव किलोला 150 रुपये धरला, तरी हंगामात सगळा माल घ्यायला 18 लाख लागतील, आणि दळतानाची घट वेगळीच. दर महिन्याला थोडा थोडा घेशील, तर भाव तुझ्या हातात राहणार नाही. 2023 मध्ये काही महिन्यांतच हळद दुपटीच्या वर गेली होती. त्यात दुकानदार दीड महिन्याच्या उधारीवर माल मागतात. या सगळ्याला 2 लाख कसे पुरतील, ते त्या सल्लागाराला विचारून बघ.

म्हणून रिपोर्ट विकत घेऊ नकोस. एका वहीत बारा महिन्यांचे रकाने आख. प्रत्येक महिन्यात हातात प्रत्यक्ष येणारी रोकड आणि जाणारी रोकड लिही. विक्री झाली त्या महिन्यात नाही, पैसे मिळाले त्या महिन्यात जमा धर. ज्या महिन्यात शिल्लक उणे होते, तिथे तुझा आराखडा मोडतो. हा कागद तुझ्या हातचा असेल, तर बँकेतल्या साहेबांच्या कुठल्याही प्रश्नाला तू अडखळणार नाहीस.

विक्रीचा आकडा कसा आणायचा? एक टन हा घरी बसून काढलेला आकडा दिसतो. मिरज, सांगली, कोल्हापुरातल्या वीस-पंचवीस किराणा दुकानांत, खानावळींत जा. सध्या कुठली पावडर घेतात, काय भावाने, किती दिवसांनी पैसे देतात, नवा माल ठेवतील का, हे विचार. घरची हळद ओळखीच्या कांडप यंत्रावर मजुरीने दळून घे आणि महिन्याला दोनशे-अडीचशे किलो विकून पाहा. दुसऱ्यांदा मागणी किती जणांकडून येते, तोच तुझा खरा आकडा. तुझं शिक्षण इथेच कामाला येईल: ओलावा, कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि शिशाची तपासणी प्रयोगशाळेतून करून घे आणि तो अहवाल दुकानदाराला दाखव. भेसळीच्या भीतीमुळे गिऱ्हाईक अशा कागदाला मान देतं.

कंपनी नोंदवायची घाई नको. एकल मालकी, मोफत होणारी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि उलाढाल लहान असेपर्यंत एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी, एवढं सुरुवातीला पुरे.

अनुदानाबद्दल जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याचे नियम विचार. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या 2025-26 पर्यंतच्या नियमांत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान होतं, स्वतःचा वाटा 5 टक्के. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखं अडकून राहतं. कितीतरी मुलं ते पहिल्याच महिन्यात जमेला धरतात आणि तिथेच फसतात. तुझ्या रकान्यांत ते कुठेच येऊ देऊ नकोस.

आणि वडिलांना सांग, जमिनीचा कागद घरातच राहू दे. सूक्ष्म उद्योगांच्या 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत मागितलंच, तर सरकारच्या पतहमी योजनेखाली (तारणाऐवजी सरकारी हमीवर) कर्ज द्या, असा लेखी अर्ज कर आणि त्याची पोच घे.