मार्केटची फी नेमकी किती?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाकणला एका कंपनीत आहे, हातात ३८ हजार येतात. दीड वर्षापूर्वी ३५ हजार भरून ऑप्शनचा क्लास केला आणि गेले १४ महिने निफ्टीत ऑप्शन बाय करतोय, रोज सात-आठ ट्रेड होतात. आत्तापर्यंत २ लाख ६० हजार गेले, त्यातले २ लाख पर्सनल लोनचे आहेत, ३ वर्षांचं, १४ टक्क्यांनी. ग्रुपवर सगळे म्हणतात ही मार्केटची फी आहे, ती भरल्याशिवाय कुणी शिकत नाही. आता क्लासचे सर ८० हजारांचा अ‍ॅडव्हान्स कोर्स कर म्हणतायत. प्रॉफिटमध्ये यायला साधारण किती फी जाते? घरी ५० हजारच गेलेत असं सांगितलंय. जून २०२५ ची एक कॉन्ट्रॅक्ट नोट सोबत जोडतोय. — एक वाचक, चाकण

उत्तर : दादा, आधी ८० हजारांचं सांगते, ते भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी रिटर्न भरायचं काम करते, दरवर्षी सीझनला तुमच्याच वयाची मुलं समोर बसतात, अ‍ॅपवरचा लाल आकडा दाखवतात आणि सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द असतो, फी. मला तो शब्द फार खटकतो, कारण फी कुठलीही असो, किती आणि कशासाठी ते आधी ठरलेलं असतं. तुमचं काय ठरलं होतं? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला, एफअँडओ (फ्युचर्स आणि तुमचे ऑप्शन, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरचे सौदे) करणारे १ कोटीहून जास्त लोक, त्यातले ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी तोटा २ लाखांच्या आसपास. म्हणजे तुम्ही भरली तेवढी फी लाखो लोकांनी भरून झालीये, आणि लागोपाठ तोटा होऊनही त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले. पैसे गेले म्हणून शिकणं झालं असं होत नाही हो, त्यामुळे अमुक इतके गेले की प्रॉफिट सुरू होतो असा आकडा मी तुम्हाला देऊच शकत नाही.

आता तुमची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेलं ट्रेडचं बिल. १०० रुपये प्रीमियमला, म्हणजे ऑप्शनच्या भावाला, एक लॉट (ठरलेला गठ्ठा) घेतला, म्हणजे तेव्हाच्या ७५ च्या लॉटने साडेसात हजार, आणि त्याच भावाला विकला. ना नफा ना तोटा, बरोबर? पण घेताना २० आणि विकताना २० ब्रोकरेज, विकताना एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा सरकारी कर, साडेसात रुपये, मग एक्स्चेंजचे चार्जेस, स्टँप ड्युटी, आणि ब्रोकरेज न् एक्स्चेंज चार्जेसवर १८ टक्के जीएसटी, सगळं धरून ६० रुपयांच्या आसपास गेले. ट्रेडला ६०, महिन्याला तुमचे साधारण १५० ट्रेड, म्हणजे ९ हजार, आणि १४ महिन्यांचे झाले १ लाख २६ हजार. दादा, तुमच्या २ लाख ६० हजारांतले जवळजवळ निम्मे अंदाज चुकला म्हणून गेलेच नाहीत, ते नुसतं बाय-सेल दाबण्याचे गेले! हे क्लासमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला पाहिजे होतं, आणि ३५ हजार घेऊनही कुणी लिहिलं नाही याचा मला खरंच राग येतो. शिवाय लोनचा हप्ता ६,८०० च्या वर बसतो, ३ वर्षांत व्याजच ४६ हजार, तेही यातच धरा.

तुम्हाला शिकायचंच असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण ऑप्शनमध्ये एका लॉटच्या खाली जाताच येत नाही, म्हणजे चूक केली की ती अख्ख्या लॉटच्या पटीत. कॅशमध्ये, म्हणजे साध्या शेअर खरेदीत, तुम्ही एखादा दीडशे रुपयांचा एकच शेअर घेऊ शकता, तीच घाई, तोच स्टॉपलॉस (तोटा थांबवायला ठरवलेला भाव) खाली सरकवणं, तीच भीती, सगळं तिथेही येतं आणि चुकलं तर दहा-वीस रुपये जातात. वही ठेवा, ट्रेड घ्यायच्या आधी कारण लिहा, नंतर नाही. सेबीची इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षा आहे, सेबीचीच संस्था एनआयएसएम ती घेते, तिला एक रुपया लागत नाही, अभ्यासाचं मटेरियलही फुकट मिळतं. लोन फिटेपर्यंत एफअँडओ बंदच ठेवा, ब्रोकरकडून तो सेगमेंटच डिअ‍ॅक्टिव्हेट करून टाका.

आणि एक काम राहिलंय ते लगेच करा. एफअँडओचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण आयटीआर-३ हा धंद्याच्या उत्पन्नाचा रिटर्न मुदतीत भरला तर पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की तो हक्क गेला, आणि बरीच मुलं तोटा कशाला दाखवायचा म्हणून भरतच नाहीत. ब्रोकरच्या साइटवरून टॅक्स पीअँडएल, म्हणजे नफा-तोट्याचा तक्ता, काढा, त्यात चार्जेस वेगळे दाखवलेले असतात, माझा ६० चा हिशोब अंदाजाचा आहे, तुमचा खरा आकडा तिथे मिळेल. त्याची प्रिंट काढा आणि रिटर्नवाल्याकडे न्यायच्या आधी घरी बायकोसमोर ठेवा, हप्ता तिच्याही संसारातून जातोय, तिला ५० हजारच माहितीयत.