दुबईला जाता-येताना विमानतळावर सिक्युरिटी आणि कस्टममधून लवकर कसं सुटायचं?

तुम्ही विचारलंय की चिपळूणहून मुंबईमार्गे आईला घेऊन पहिल्यांदाच दुबईला मुलीकडे चाललोय, रांग टाळायला एखादी फास्ट लेन किंवा ॲप आहे का. आहे, खाली लिहितो. पण आपल्याकडच्या माणसाचा वेळ रांगेपेक्षा बॅग उघडण्यात जास्त जातो, आणि ती बॅग भरली जाते स्वयंपाकघरात. यावरून माझा आणि आत्याचा वर्षानुवर्षांचा वाद आहे. तुमच्या निमित्ताने एकदाचा लिहून काढतो.

सुकं खोबरं नेऊ नका. २०२२ पासून ते चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या बॅगेत, बंद आहे. हवाई वाहतुकीच्या नियमांत खोबरं हे 'आपोआप पेट घेणाऱ्या' मालात मोडतं, धोकादायक मालाच्या यादीतला यूएन क्रमांक १३६३. आत्या म्हणते, "आमच्या माळ्यावर वर्षभर वाट्या पडून असतात, कधी पेटल्या?" माळ्यावर वारा खेळतो, आत्या. खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. वाटी नीट वाळलेली नसली की आतल्या आत ती तापत जाते, आणि कपड्यांत दाबून भरलेल्या बॅगेत त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. शिवाय चेक-इनची बॅग तुमच्या हातून गेल्यावर मशीनमध्ये जाते. तुम्ही इमिग्रेशनपर्यंत, म्हणजे पासपोर्ट तपासणीपर्यंत, पोचता आणि तिकडून तुमच्या नावाचा पुकारा होतो. दोन किलो खोबऱ्यासाठी ही धावपळ होते, तीही म्हाताऱ्या आईला बाकावर बसवून.

याहून भारी प्रकरण मसाल्याचं. आपल्या बऱ्याच घरांत मालवणी मसाल्यात खसखस पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सौदी, कतार आणि सिंगापूरलाही आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे 'घरचा मसाला आहे हो' हे उत्तर चालत नाही. यंदा न्यायचा मसाला दळायला देताना खसखस वगळून वेगळा कुटून घ्या. दुकानातून विकत घेतलेलं पाकीट असलं तरी मागचे घटक वाचा. आईची औषधं मूळ पट्टीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं वेदनाशामक अथवा खोकल्याचं औषध असेल तर तिथल्या सरकारची परवानगी आधीच घ्यावी लागते.

आता हातातली बॅग. कोकमाचं आगळ पातळ पदार्थ आहे, म्हणून १०० मिलीच्या वरची बाटली गेलीच समजा. बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजतात ती बाटलीवर छापलेली मापं. तूप आणि खोबरेल तेलही त्यातच. लोणचंही तेलाचं, शिवाय मिरचीचं लोणचं तर हातातल्या बॅगेत अजिबात नको. या सगळ्यांना झाकणावर प्लास्टिक आणि रबर लावून, दुहेरी पिशवीत घालून चेक-इनमध्ये टाका. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी बिनधास्त हातात न्या.

लाडूंसाठी स्टीलचा डबा वापरू नका, हे आत्याशी झालेल्या भांडणाचं दुसरं कलम. एक्स-रेच्या पडद्यावर खाण्याचे पदार्थ नारिंगी दिसतात आणि धातू निळा. जाड स्टीलचा डबा काळानिळा ठोकळा दिसतो, आत काय आहे ते कळतच नाही, म्हणून बॅग बाजूला काढतात. तेच लाडू पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात असले तर पुढे सरकतात. स्टीलचा डबा, चार्जरच्या वायरींचं भेंडोळं आणि पॉवर बँक एकावर एक ठेवलेली असेल तर बॅग उघडणारच. लॅपटॉप, पॉवर बँक आणि पातळ पदार्थांची पिशवी सगळ्यात वर ठेवा, ट्रेपाशी पोचल्यावर शोधाशोध नको. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर, ती चालते. छापील आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवा, काढून घेतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा ॲप देशांतर्गत प्रवासाचं आहे, दुबईला उपयोग नाही. तुम्हाला हवी ती फास्ट ट्रॅक इमिग्रेशन. ही योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. अर्ज मंजूर झाला की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद करायला बोलावतात. सगळ्याला महिनाभर धरा, म्हणजे तिकीट काढल्याच दिवशी अर्ज भरलेला बरा. आईचा अर्ज वेगळा. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत चालते. पण यात सुटते ती फक्त इमिग्रेशनची रांग. सिक्युरिटी आणि कस्टम तसेच राहतात. आईला चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालतं-फिरतं माणूस केवळ रांगेसाठी तिच्यात बसवू नका, खरी गरज असलेली माणसं तिच्यासाठी ताटकळतात.

परत येताना कस्टमचा घोळ दागिन्यांवरून होतो. २० ग्रॅम पुरुषाला आणि ४० ग्रॅम बाईला ही सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्याला आहे, महिनाभर मुलीकडे राहून आलेल्या आईला नाही. आईचे पाटल्या-तोडे जड असतील तर जातानाच विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे दागिना इथूनच नेला होता याचा पुरावा राहतो. दागिना प्रत्यक्ष दाखवावा लागतो, म्हणून तो अंगावर किंवा हातातल्या बॅगेत हवा. सोबत बिल किंवा वजनाची चिठ्ठी आणि फोटो ठेवा. त्या कामासाठी तासभर लवकर निघा. अर्थात मंगळसूत्र आणि दोन बांगड्यांसाठी एवढी यातायात नको. शुल्क लागणारी वस्तू आणत असाल तर 'अतिथी' ॲपवर विमानात बसण्याआधीच जाहीर करून लाल मार्गाने जा. जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या मार्गाने निघून पकडले गेलात तर शुल्कावर दंडही बसतो.

दुबईहून निघताना सुतळीने बांधलेली गोल गाठोडी नेऊ नका. २०१७ पासून तिथे निदान एक सपाट बाजू नसलेलं सामान घेत नाहीत, खोक्यात भरून आणायला सांगतात.

एक राहिलंच, हे सगळं दुबईपुरतं. युरोपीय संघाच्या देशांत हापूसची पेटी अशीच नेता येत नाही. तिथे रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय (फळाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर चालतात. दुधाचे पेढेही अडतात, पण सुके बोंबील वीस किलोपर्यंत नेता येतात, हे आत्याला अजून पटलेलं नाही.